लेस्टरचे बेडूक आणि ते औषध

माझा धाकटा भाऊ लेस्टर गेला. लोक विचारतात तो करायचा काय, म्हणून लिहिते.

आमच्या टाउन्सविल शहरात नवी औषधं शोधतात ना, तिथे तो बेडूक सांभाळायचा. मोठे हिरवे, संडासात येऊन बसतात तेच. त्यांना रातकिडे चारायचे, आणि अधूनमधून पाठीला विजेचा अगदी हलका चटका द्यायचा, की कातडीतून पांढरा चीक सुटतो. तो धुऊन घ्यायचा, बेडूक परत पाण्यात. मी म्हणायचे, बायको मिळाली नाही म्हणून बेडकांना आंघोळ घालतोस. तो म्हणायचा, ते तुझ्यासारखं टोचून बोलत नाहीत, नोला.

त्या चिकातलं औषध जंतू मारतं. कसं, ते त्याने मला भांडी घासताना सांगितलं. जंतूला पातळ तेलकट साल असते. मटण भाजलेल्या ट्रेवर साबण टाकला की चरबी फाटते ना, तसं हे औषध सालीत घुसून भोकं पाडतं. आतलं सगळं बाहेर, जंतू खलास.

मग त्याच्या पायाला जखम झाली. साखरेचा आजार होताच. हॉस्पिटलातलं एकही औषध लागू पडेना. पाय कापला तरी जंतू रक्तात गेलाच. त्याच्या साहेबीण इंग्रिड बाई, त्यांनी तोच जंतू काचेच्या बशीत घेऊन त्यावर चिकातलं औषध घातलं. सगळे मेले. लेस्टर म्हणाला मग मला द्या. मीही गयावया केली.

बाई दोन नळ्या घेऊन खाटेपाशी आल्या. दोन्हींत मिठाचं पाणी आणि त्याच्याच रक्ताचा थेंब, एकीत औषध. साध्या नळीत रक्त तळाला बसलं होतं, वर पाणी नितळ. दुसरीच्या तळाला काहीच नाही, सगळं पाणी लालभडक.

"तुझ्या रक्तातल्या पेशींनाही तशीच साल आहे, लेस. थोडं दिलं तर जंतू मरत नाही. जंतू मरेल इतकं दिलं तर..."

त्यांनी लाल नळी त्याच्या हातात दिली.

लेस्टरने ती नळी उजेडाला धरली, बराच वेळ बघितली. "माझ्या बेडकांनी काम तर चोख केलंय," म्हणाला. मग मला म्हणाला, "रडू नको गं. त्यांना खायला कोण घालतंय ते बघ."

त्याच आठवड्यात गेला. बाई औषधात अजून फेरफार करतायत, जंतूची साल फाटेल आणि आपली नाही असं. होईल कधीतरी.

माझ्या न्हाणीघरात एक हिरवा येऊन बसतो. त्याच्या पाठीवर ते औषध आहे. मी नुसती बघत बसते.