अजून दोन वाजले नाहीत

दुपारचे दोन वाजत आले की आमच्या बाई मनगटावरचं घड्याळ काढायच्या आणि पांढऱ्या कोटाच्या खिशात टाकायच्या. वरून एकदा हलका हात फिरवायच्या, जसं काही आत मांजराचं पिल्लू झोपलंय. मग म्हणायच्या, "चला. सगळ्यांचं सांगून होईपर्यंत कुणाचेच दोन वाजत नाहीत."

तुम्ही दुपारच्या वेळी कधी सरकारी दवाखान्यात गेला असाल तर तुमच्याही नजरेला आलं असेल. दोनला पाळी बदलते. सकाळच्या सिस्टर पर्स अडकवून दाराशी उभ्या, दुपारच्या सिस्टर डबा ठेवायला जागा बघतायत, आणि मधल्या त्या दहा मिनिटांत पेशंट कुणाचाच नसतो. टेबलावरून वही सरकवायची, "सगळं ठीक आहे, दोन नंबरची सलाईन बघा" एवढं बोलायचं आणि एसटी गाठायची. आमच्याकडंही तसंच चालायचं. बाई बदलून आल्या आणि ते बंद पडलं.

मी कोण ते आधी सांगते. गेवराईच्या बाजूला एका छोट्या सरकारी दवाखान्यात मी मावशी म्हणून काम केलं, केस पांढरे होईपर्यंत. चादरी बदलायच्या, फरशी पुसायची, बाळंतिणीला उठवायचं-बसवायचं. शाळेत मी गेले नाही. औषधाच्या खोक्यांवरची आणि केसपेपरवरची अक्षरं जुळवत जुळवत वाचायला शिकले. माझ्या लिहिण्याला थोडा दवाखान्याचा वास आला तर तेवढं चालवून घ्या.

बाई आमच्या इन्चार्ज सिस्टर. अंबाजोगाईकडच्या. उंचीनं माझ्या खांद्याला लागतील एवढ्या, पण चालायला लागल्या की आम्ही मागं पळायचो. हसल्या तर आवाज नसायचा, नुसते खांदे हलायचे. त्यामुळं त्या कधी हसतायत आणि कधी रागावल्यात हे पाठमोरं बघून कळायचं नाही, आणि आमची लई पंचाईत व्हायची.

त्यांची पद्धत अशी. टेबलापाशी नाही, खाटेपाशी उभं राहायचं. सकाळची पाळी, दुपारची पाळी, डॉक्टर असतील तर डॉक्टर, मी, आणि गाडीचा ड्रायव्हरसुद्धा. एकेका खाटेच्या दांडीवर हात ठेवायचा, आपल्याला जे माहीत आहे ते बोलायचं, आणि शेवटी म्हणायचं, "माझं सांगून झालं." ज्याला पुढं काम करायचंय त्यानं ऐकलेलं परत बोलून दाखवायचं. मगच पुढची खाट.

पहिल्या आठवड्यात सगळ्यांना वाटलं, बाईचं डोकं फिरलंय. ड्रायव्हर तर उघड कुरकुरला. म्हणाला, "बाई, माझं पेशंटापाशी काय काम हाय? मी गाडी चालवतो."

"पेशंटला गाडीत घातलं कुणी?"

"मीच घातलं."

"मग वाटेत काय झालं ते मला गाडी सांगणार का?"

तो येऊन दांडीपाशी उभा राहिला. आणि काय सांगू, त्याच आठवड्यात दोन नंबरच्या म्हाताऱ्याचं त्यानंच सांगितलं. चकलांब्याकडून आणताना त्यांना वाटेत दोनदा उलटी झाली होती. पोराला कळू नये म्हणून त्यांनी ड्रायव्हरला शपथ घातली होती. शपथ मोडायची की नाही, या विचारात ड्रायव्हरनं दांडीवर हात ठेवून बराच वेळ काढला. म्हातारबाबा खाटेवरून त्याच्याकडं डोळे वटारून बघत होते. शेवटी ड्रायव्हर त्यांनाच म्हणाला, "बाबा, आता आमच्या बाईची पण शपथ हाय." तेव्हा पहिल्यांदा बाईंचे खांदे हललेले मी समोरून बघितले.

त्या वर्षी आमच्याकडं नवीन डॉक्टर आले. पोरसवदा, हुशार, बोलायला फटकळ. त्यांना हे उभं राहणं आवडलं नाही. ते म्हणाले, मोबाईलवर ग्रुप करू, ज्यानं त्यानं लिहून टाकायचं, पाच मिनिटांत काम होईल. बाईंनी त्यांचं सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "करू की साहेब. फक्त मला एक सांगा, चादर ओली आहे का, हे मोबाईलच्या हाताला लागतं का?"

आता हे चादरीचं त्यांनी सहज म्हटलं होतं. पुढं काय होणार, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

खरं सांगायचं तर तेव्हा मीच त्या घोळक्यात सगळ्यात गप्प होते. आज माझ्या सुना म्हणतात, आत्या, जरा श्वास घ्या. पण तेव्हा माझी पाळी आली की मी दांडीवर हात ठेवायचे आणि नुसतं "माझं सांगून झालं" म्हणायचे. काही न सांगताच. एकदा मी साहेबांना एका पेशंटच्या पायाच्या सुजेचं बोलायला गेले होते, तर ते म्हणाले होते, मावशी, तुम्ही झाडलोट बघा. चूक त्यांची एवढीच. पण माझ्या मनात ते रुतून बसलं.

तर चार नंबरची खाट. मेंढरं पाळणाऱ्या घरातली सून होती, पहिलंच बाळंतपण. सकाळी अकराच्या सुमारास मोकळी झाली, मुलगी झाली. नवरा बाहेर लिंबाखाली बसून होता, सासू उशाशी. पोरगी इतकी लाजाळू की पाणी पाहिजे तरी सासूच्या कानात सांगायची.

बाराला मी तिच्या खालची चादर बदलली. भिजली होती. बाळंतीण म्हटल्यावर भिजणारच. साडेबाराला परत बदलली. एकच्या पुढं साहेब फेरीला येणार म्हणून परत बघितलं, तर परत भिजलेली. मी झटक्यात ती काढली, गुंडाळून मागं धुवायला टाकली, पांढरीशुभ्र चादर घातली आणि पायावर सोलापुरी पांघरूण ओढलं.

हे मी का केलं ते बायकांना सांगायला नको. पुरुषमाणूस फेरीला येतोय, त्याच्यासमोर बाळंतिणीचं काही दिसू नये. मला माझ्या सासूनं हेच शिकवलं होतं आणि दवाखान्यातही माझं कौतुक याचंच व्हायचं, मावशीची खाट कशी स्वच्छ असते बघा. साहेब आले, त्यांनी स्वच्छ चादर बघितली, बाळ बघितलं आणि पुढं गेले. सकाळच्या सिस्टरनं स्वच्छ चादर बघितली. माझ्या स्वच्छतेनं सगळ्यांचे डोळे झाकले होते.

दोन वाजत आले. घड्याळ खिशात गेलं. आम्ही चौथ्या खाटेपाशी आलो. सकाळच्या सिस्टरनं सांगितलं, बाळंतपण नीट झालं, बाळाचं वजन चांगलं, बाळंतीण ठीक आहे. माझं सांगून झालं. साहेबांनी नुसती मान हलवली. मग माझी पाळी. मी दांडीवर हात ठेवला. त्या पोरीकडं बघितलं. तिचे ओठ मला जरा फिके वाटले. साहेबांकडं बघितलं. आणि म्हणाले, "माझं सांगून झालं."

बाई हलल्या नाहीत. दुपारच्या सिस्टरचा पाय पाचव्या खाटेकडं वळला होता, तिला हातानं थांबवलं. माझ्याकडं बघून म्हणाल्या, "मावशी, तुमचा हात अजून दांडीवर आहे."

खरंच होता. मला काढताच येईना.

"साहेबांना एसटी नाही. मला एसटी नाही. अजून दोन वाजले नाहीत. सांगा."

मी मान खाली घालून म्हणाले, "बाई, ही चादर चौथी हाय."

त्यानंतर जे झालं ते सांगायला मला जेवढा वेळ लागतोय तेवढासुद्धा लागला नाही. बाईंनी पांघरूण बाजूला केलं आणि तिच्या पोटावर हात ठेवला. पोट मऊ लागत होतं. बाळंतपणानंतर ते आतून घट्ट व्हायला पाहिजे, नाहीतर रक्त थांबत नाही, हे मी तेव्हा शिकले. बाई दोन्ही हातांनी चोळायला लागल्या. साहेबांनी इंजेक्शन सांगितलं, दुपारच्या सिस्टरनं ते मोठ्यानं परत बोलून दाखवलं आणि दिलं. सकाळच्या सिस्टरनं खांद्यावरची पर्स जमिनीवर टाकली आणि पोरीच्या हाताला सलाईन लावली. तिची एसटी गेली, तिनं मागं वळूनही बघितलं नाही. ड्रायव्हर काही न विचारता पळाला. बीडला न्यायची वेळ आली तर उशीर नको म्हणून त्यानं गाडी दारात लावली, मागचं दार उघडलं आणि लिंबाखालच्या नवऱ्याला उठवून शेजारी उभं केलं.

आणि बाई म्हणाल्या, "मावशी, खिशातलं घड्याळ काढा."

त्यांचे हात पोटावर होते. मी त्यांच्या खिशात हात घातला. घड्याळ गरम लागलं. ते मी दुपारच्या सिस्टरच्या डोळ्यांसमोर धरून उभी राहिले आणि तिनं त्या पोरीची नाडी मोजली. पाच मिनिटांनी परत. परत पाच मिनिटांनी. साहेब मला विचारत होते, "मावशी, पहिली चादर किती भिजली होती? दुसरी?" मी हातानं दाखवत होते, एवढी, मग एवढी. त्या पोरीनं माझा पदर धरला होता. मी तिला म्हणत होते, पोरी, तुझी लेक भुकेली हाय, झोपू नको. सासूबाई कोपऱ्यात बाळाला छातीशी घेऊन देवाचं नाव घेत होत्या.

बऱ्याच वेळानं बाई म्हणाल्या, "आलं. दगडासारखं झालं." माझाही हात धरून त्यांनी तिथं ठेवला. झालं होतं. रक्त थांबलं. गाडी बीडला न्यावी लागली नाही. संध्याकाळी ती पोरगी सासूच्या कानात न सांगता, सगळ्यांसमोर, मोठ्यानं म्हणाली, "चहा पाहिजे."

मी मागं नळावर जाऊन रडत होते. बाई आल्या. मला वाटलं, आता बोलणी बसणार. त्या बाजूला उकिडव्या बसल्या आणि विचारलं, "कावून गप होता मावशी?" आमची गावरान भाषा त्या कधीकधी अशी मुद्दाम बोलायच्या, तोंडात नीट बसायची नाही. मी झाडलोटीचं सगळं सांगितलं. त्यांनी माझ्या हातातला चादरीचा पिळा एका बाजूनं धरला आणि आम्ही दोघींनी तो पिळला.

दुसऱ्या दिवशी दोनला घड्याळ खिशात टाकून त्यांनी क्रमच बदलला. म्हणाल्या, "आजपासून मावशी आधी. साहेब, मावशीनंतर तुमचं." साहेबांचे कान लाल झाले. पण मुलगा मनानं चांगला. त्यानं दांडीवरचा हात काढला आणि माझ्यासाठी जागा केली. आणि त्या दिवसापासून नियम झाला, भिजलेलं काही असेल ते फेरी होईपर्यंत धुवायला टाकायचं नाही, बादलीत ठेवायचं. साहेब वॉर्डात आले की पहिलं म्हणायचे, "मावशी, बादली दाखवा." मी बादली पुढं केली की भेटायला आलेले सगळे बाप्ये दाराबाहेर पळायचे. वॉर्डातली गर्दी कमी करायला दुसरं काही करावं लागलं नाही.

अशी वर्षं गेली. बाईंच्या निवृत्तीचा कार्यक्रम क्लार्कभाऊंनी नेमका दुपारी दोनला ठेवला. अंगणात मांडव, गावचे पुढारी, शाल, नारळ, पेढे. आणि बाई आत, खाटेपाशी. क्लार्कभाऊ तीनदा डोकावले, पाहुणे खोळंबलेत म्हणाले. बाई म्हणाल्या, "त्यांना सरबत द्या. अजून दोन वाजले नाहीत." शेवटी पुढारीच आत आले, काय चाललंय बघायला. ड्रायव्हरनं त्यांना सांगितलं, चपला काढा आणि मागं उभे ऱ्हावा. ते राहिले.

सगळ्या खाटा झाल्या. मग बाईंनी रिकाम्या खाटेच्या दांडीवर हात ठेवला आणि नव्या इन्चार्ज सिस्टरला आमचं सांगायला लागल्या. आमचंच, पेशंटचं सांगावं तसं. ड्रायव्हर कुरकुरतो, पण गाडी आधीच दारात आणून लावतो. साहेब रागावले की खरं तर घाबरलेले असतात, तेव्हा त्यांना एकटं सोडायचं नाही. आणि मग म्हणाल्या, "मावशी आता बोलतात. पण फार महत्त्वाचं असलं की अजून गप्प होतात. तेव्हा त्यांच्या हाताकडं बघायचं." नव्या सिस्टरनं शब्दन् शब्द परत बोलून दाखवला. ऐकताना कुणी कुणाकडं बघत नव्हतं.

"माझं सांगून झालं," बाई म्हणाल्या.

संध्याकाळच्या एसटीला आम्ही सगळे स्टँडवर गेलो. चार नंबरवाली ती सून पण आली होती, लेकीला घेऊन. लेक तोवर अंगणवाडीत जायला लागली होती. तिनं घरच्या लोकरीची घोंगडी आणली होती. भर उन्हाळ्यात बाईंनी ती खांद्यावर घेतली आणि खिडकीशी बसल्या, घामानं निथळत. कोट घडी करून मांडीवर. कंडक्टरनं घंटी मारली तेव्हा माझं लक्ष त्यांच्या मनगटाकडं गेलं. रिकामं होतं. मी ओरडून म्हणाले, "बाई, घड्याळ घालायचं राहिलंय."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग माझ्या हाताकडं. माझा हात खिडकीच्या दांडीवर होता. गाडी हलली तरी मला तो काढता येईना, चार पावलं मी तशीच चालले.

बाईंनी मांडीवरच्या कोटाच्या खिशावरून हलका हात फिरवला. घड्याळ काढलं नाही. त्यांचे खांदे हलत होते, आणि या वेळी त्या माझ्याकडं तोंड करून बसल्या होत्या, म्हणून हसतायत हे मला कळलं.