दशांशकाकूंचा चुकलेला आकडा

नवऱ्याने किती वाजले विचारलं, तरी बाई सेकंदासकट सांगायच्या. म्हणून त्या दशांशकाकू. आकडेमोडीच्या खोलीत त्यांची अठ्ठावीस वर्षं गेली होती. आता डोळे दगा देत होते. साहेबांना कळलं तर घरी बसवतील, या धास्तीने त्यांनी कुणाला ताकास तूर लागू दिली नव्हती.

काम होतं एका नव्या भट्टीचं : तिची भिंत कुठे किती तापेल? भिंतीच्या नकाशावर बुद्धिबळाच्या पटासारखी काळी-पांढरी घरं, आणि खोलीत प्रत्येक घराचं एक टेबल. कडेच्या टेबलांचे आकडे ठरलेले. बाकीच्यांनी चार शेजाऱ्यांच्या चिठ्ठ्या घ्यायच्या, सरासरी काढायची आणि ती चौघांना द्यायची. घंटा झाली की सगळे काळे एकदम लिहीत आणि पांढरे गप्प बसत. पुढच्या घंटेला उलट. असं करत आकडे हलायचे थांबले, की उत्तर मिळालं.

त्या दिवशी काकूंनी एका चिठ्ठीतले एकोणपन्नास चुकून नव्याण्णव असे वाचले. सकाळपासून पंचावन्नवर रेंगाळणारं त्यांचं घर साडेसदुसष्टवर गेलं, आणि चिठ्ठ्या वाटून झाल्यावर त्यांनी ती चिठ्ठी पुन्हा डोळ्यांजवळ धरली, तेव्हा चूक कळली. शेजाऱ्यांनी तो आकडा घेतलाही होता. मूग गिळून बसणं सोपं होतं, पण भट्टी फुटली तर? काकू उठल्या.

"साहेब, चूक माझी आहे. मला नीट दिसत नाही."

"कधीपासून?"

"वर्ष झालं."

साहेबांनी चिठ्ठी पाहिली, पण खोडली नाही. "घंटा वाजवा," ते म्हणाले.

पुढच्या फेरीत काकूंचा आकडा अठ्ठावन्नवर उतरला, मग सत्तावन्नवर. चहापर्यंत तो मुकाट्याने पंचावन्नवर येऊन बसला. शेजाऱ्यांनी थोडी थोडी चूक वाटून घेतली आणि फेऱ्यांनी ती जिरवली.

"चार फेऱ्या जास्त लागल्या, एवढंच," साहेब म्हणाले. "पण शेवटच्या फेरीत असं झालं असतं, तर धडगत नव्हती. उद्या आधी डॉक्टरकडे जा, मग कामावर या."

"म्हणजे... टेबल माझंच?"

"मग काय माझं? आणि काय हो मंडळी, मुंग्यांसारखं लिहिता ते बंद करा."

घंटा झाली. चार चिठ्ठ्या आल्या. एकेक आकडा दुकानाच्या पाटीवर असतो तेवढा! काकूंचे डोळे भरून आले, तरी आकडे दिसत होते.