डावीकडचे दाणे

१२ जानेवारी. दुपारी मटार सोलायला बसले. आईलाही समोर बसवलं. हाताला काम असलं की ती घाबरीघुबरी होत नाही.

"तुम्ही कुणाकडच्या हो?" तिनं विचारलं.

"तुझीच मुलगी. सुनंदा."

"काहीतरीच. ती शाळेतून यायचीय अजून."

मी वाद घातला नाही. डॉक्टर म्हणाले होते, मेंदू नावं आणि चेहरे एकीकडे ठेवतो, हाताच्या सवयी दुसरीकडे. आईची पहिली जागा ओस पडत चाललीय. दुसरी शाबूत आहे, कारण शेंग दाबून अंगठा फिरवण्यात तिची अजून एकही चूक होत नाही. फक्त मधूनमधून ती चार कोवळे दाणे परातीच्या डाव्या कडेला सरकवत होती. लहानपणी मी तिथं बसायचे, कच्चे मटार खायला.

तिच्या हातांना मी आठवत होते, तिला नाही. त्या छोट्या ढिगाकडे मी बराच वेळ बघत राहिले. संध्याकाळी तेही दाणे भाजीत टाकले.

१३ जानेवारी. सकाळी पुन्हा मटार आणले. या वेळी तिच्या डावीकडे बसले आणि ती सरकवेल ते दाणे खात राहिले.