घारापुरीच्या लाँचवर रत्नागिरी

मन चिंती ते वैरी न चिंती, म्हणतात. त्या हिवाळ्यात माझ्या मनाला दुसरं कामच नव्हतं. बाबा रोज संध्याकाळी खिडकीशी बसून रेडिओवर रत्नागिरी केंद्र ऐकायचे, आणि त्या रेडिओतून घरघरीशिवाय काही म्हणजे काही येत नव्हतं.

लालबागची आमची चाळ पाडून तिथे टॉवर झाला. आता मी आणि बाबा, दोघंच, त्याच जागेवर, फक्त बरेच वर. चाळीत मिडियम वेव्हवर रत्नागिरी स्वच्छ लागायची. सेट फळीवर तिरका ठेवलेला असायचा, आणि झाडलोट करताना कुणी तो सरळ केला की बाबा खवळायचे. टॉवरमध्ये मात्र नुसती घरघर. तरी ते सेट कानाशी धरून मान डोलवायचे.

"काय म्हणतायत?" मी विचारायचे.

"मोहोर बरो इलो हा," ते सांगायचे. "आंबो यंदा भरपूर."

मी कान देऊन ऐकायचे. घरर्र. 

बरं, एवढंच असतं तर. बाबा चहाचा कप टेबलावर ठेवायला जायचे तो काठाच्या बाहेरच. रोजच्या दाराच्या चौकटीला त्यांचा खांदा आपटायचा. शीवला राहणारा माझा धाकटा भाऊ फोनवर म्हणाला, "ताई, नसलेले आवाज ऐकू येतात म्हणजे डोक्याचं काहीतरी आहे. मेंदूच्या डॉक्टरची अपॉइंटमेंट घेतोय मी. तू उगाच लाड नको करूस." मी त्याच्यावर खेकसले. मलाही तेच वाटत होतं, म्हणूनच खेकसले.

मग मोबाइलवर शोधत बसले. वाचलं की एलईडी दिवे, चार्जर, लिफ्ट यांच्या गोंगाटात मिडियम वेव्ह बुडून जाते, पण मोकळ्या पाण्यावर लांबचं केंद्रही लागतं. म्हटलं, बाबांचे कान मुरलेले आहेत, त्यांना त्या घरघरीतूनही खरंच ऐकू येत असेल. भावाला सांगितलं, थांब जरा, मी त्यांना घारापुरीला घेऊन जाते आणि लाँचवर रेडिओ लावते. समुद्रात रत्नागिरी लागली तर तुझा डॉक्टर नको. ऐकायला खुळेपणा वाटेल, पण माझा सगळा जीव त्या एका गोष्टीवर टांगलेला होता.

गेटवेला लाँचमध्ये उतरताना बाबांचा डावा पाय पायरीऐवजी हवेतच पडला. लाँचवाल्याने दंड धरला म्हणून बरं. झालं, म्हटलं, आता पायऱ्याही कळेनात. वरच्या डेकवर बाकावर बसवलं, सेट त्यांच्या मांडीवर, मी त्यांच्या उजव्या हाताला. गोदीच्या क्रेन मागे पडल्या तरी घरघर थांबेना. बाबा मान डोलवत होते. मी देवाचं नाव घेत होते, मध्येच भावाला शिव्या देत होते.

"काय म्हणतायत?"

"मोहोर बरो इलो हा."

 भावाचं खरं होतं.

नांगरलेल्या मोठ्या जहाजांना वळसा घालून लाँच फिरली. बाबांनी मांडीवरचा सेट हळूहळू फिरवला आणि घरघर खाली बसली. बाईचा आवाज आला, लांबून, पण शब्दन् शब्द कळेल असा. यंदा मोहोर उशिरा आणि विरळ आलाय, त्यात तुडतुडे पडलेत, बागायतदारांनी फवारणी लांबवू नये. समोरच्या बाकावरच्या बाईनेही मान वर केली. मला रडूच आलं. भावाला फोन करायला पर्समध्ये हात घातला आणि तसाच राहिला. मोहोर विरळ.

"बाबा, तुम्ही तर रोज सांगता मोहोर बरा आलाय."

त्यांनी सेटचा आवाज बारीक केला. 

"घरात काय ऐकाक येणा नाय गो. घरघरच असता."

"मग मान कसली डोलवता?"

"नव्या घरात चालू हा ताच सामान न्यायचा, असा ठरला होता ना आपला? खाट गेली, ट्रंक गेली, आवशीची तुझ्या शिवणाची मशीन गेली. ह्यो लागणा नाय म्हटला असता तर ह्यो पण भंगारात."

हसावं की ओरडावं कळेना. इतके दिवस माझ्या जिवाला घोर लावून हा माणूस चक्क थापा मारत होता. म्हणजे डोकं शाबूत होतं, चांगलं तल्लख होतं. "धन्य आहे तुमची," म्हटलं. "अहो, नाही लागला तरी राहील तो घरात. कोण टाकतंय? तुम्ही फक्त खरं सांगत जा." छातीवरचा धोंडा उतरला. लेणी बघायला आम्ही गेलोच नाही. धक्क्यावर मक्याची कणसं खाल्ली, भावाला फोन करून अपॉइंटमेंट रद्द करायला सांगितली आणि पुढच्याच लाँचने निघालो. या वेळी मी त्यांच्या डावीकडे बसले.

गोदी जवळ आली तशी घरघर परत सुरू झाली. मी मुद्दाम विचारलं, "काय म्हणतायत?"

"लागणा नाय," बाबा म्हणाले. मी हसले.

त्यांनी सेट बंद करून पिशवीत ठेवला, पिशवीला गाठ मारली. मग मला बघायला सगळी मान माझ्याकडे वळवली.

"आणि खरा सांगूचा तर," ते म्हणाले, "माका डाव्या डोळ्यान पण दिसणा नाय गो. गणपतीपासून."