शीलाताई, मांडव आणि ‘काय राहिलं?’

उल्हासनगरात शीला जाधव ज्या डेकोरेटरकडे मांडवाचं काम बघत, तिथे काही बिघडलं की शेठ पहिला प्रश्न विचारायचे, ‘किसने किया?’ याचं उत्तर शोधण्यात अर्धा दिवस छान जाई. उरलेल्या अर्ध्यात शीलाताई काम उरकून घेत. बरीच वर्षं अशी काढल्यावर त्यांनी बदलापुरात स्वतःचा धंदा सुरू केला, आणि तो प्रश्न तेवढा शेठकडे ठेवून आल्या.

पहिलं काम जवळच्या चामटोली गावात, धर्मराज कांबळेंच्या मुलीचं लग्न. हे निभावलं तर पुढची कामं, नाहीतर पुन्हा शेठ. मांडव घरापुढच्या गल्लीत, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. लग्नाच्या सकाळी तो जवळजवळ उभा राहिला आणि समोरच्या घरातले सुदामबाबा वारले.

पाइप बांधणारा सुजित शिडीवरूनच म्हणाला, “संपला विषय. पॅकअप.”

“बाबांना कालच जायला काय झालं होतं?” किर्ती पुटपुटली. कापड आणि फुलं तिच्याकडे.

“तुझ्या सोयीने जातील होय?” शीलाताई म्हणाल्या. “सुजित, खाली उतर. काय राहिलं ते सांग.”

“झालर राहिली, फुलं राहिली, लायटिंग राहिलं...”

“ते नव्हे रे. हातात काय राहिलं?”

मराठीत ‘राहिलं’ म्हणजे व्हायचं बाकी असलेलं, आणि शिल्लक असलेलंही. माणूस घाबरला की त्याला पहिलाच अर्थ ऐकू येतो.

सुजितने डोकं खाजवलं. “पाइप आहेत. कापड आहे. पोरं आहेत, नाश्ता केलेली.”

“बाबांना कुठून नेणार?”

“गल्लीतूनच की.”

“मग गल्ली त्यांची. आपल्याला जागा कुठली?”

“कांबळेंच्या घरामागचं खळं,” किर्ती म्हणाली. “पण तिकडे जायचं तर त्यांच्या स्वयंपाकघरातून.”

“मग जाऊ की.”

धर्मराज खांबाला धरून उभे होते. शीलाताईंनी त्यांनाही सोडलं नाही. “दादा, लग्नाला कोण येणार?”

“अख्खं गाव.”

“गाव आत्ता कुठंय?”

धर्मराजांनी पाहिलं. गाव समोरच्या ओट्यावर होतं.

“संध्याकाळी लावू लग्न,” ते म्हणाले. बौद्ध पद्धतीचं लग्न, त्यामुळे मुहूर्ताची अडचण नव्हती. वऱ्हाडाच्या भुकेची होती. तीही फोनवर मिटली; वऱ्हाड दुपारचं जेवून संध्याकाळी निघणार होतं.

मांडव उतरला, गल्ली मोकळी झाली. बाबांना नेलं तेव्हा सुजितनेही खांदा दिला आणि परत येऊन खळ्यात पाइप बांधायला घेतले.

संध्याकाळी पाहुणे स्वयंपाकघरातून मांडवात गेले. जाता जाता भाजीवरचं झाकण उघडून बघायची सोय याआधी कुठल्या लग्नात झाली नसावी. लग्न लागलं. सुदामबाबांचा मुलगाही आला, वधूवरांवर फुलं टाकून शीलाताईंजवळ थांबला.

“ताई, बाबांच्या पुण्यानुमोदनाला, त्या श्रद्धांजलीच्या कार्यक्रमाला, मांडव तुम्हीच घाला.”

“घालते. बाबांच्या वयाची माणसं येतील, त्यांना कुठल्या बाजूला बसवायचं?”