शेवंताबाई खाटेवर बसायच्या

आजाऱ्याच्या घरी गेल्यावर शेवंताबाईंना खुर्ची दिलेली चालत नसे. आधी त्या न्हाणीघराशी जाऊन साबणाने कोपरापर्यंत हात धुवायच्या आणि मग थेट आजाऱ्याच्या खाटेवर, त्याच्या कमरेशी बसायच्या. ‘‘खुर्चयेर बसलेलो माणूस कधी उठान जायत, सांगूक येणा नाय,’’ त्या म्हणायच्या. ‘‘खाटयेर बसलंय काय तेका कळता, ही आता ऱ्हवतली.’’

धामापूरच्या तळ्यापासून हाकेच्या अंतरावर त्यांचं दोन खणी घर होतं. लहानपणीच नवरा गेला, मग मुंबईला जाऊन त्या नर्स झाल्या. वीसेक वर्षं एका मोठ्या इस्पितळात काढून गावी परतल्या होत्या. अंगावर पांढरं नऊवारी, पायात पुरुषी वहाणा, हातात कापडी पिशवी. गावातली माणसं त्यांना मान द्यायची, पण घाबरायचीही. डॉक्टरांनी हात टेकले की शेवंताबाई यायच्या, त्यामुळे त्यांची सावली अंगणात पडली की लोक समजायचं ते समजायचे.

आमच्या अंगणात ती पडली त्या वर्षी मी मालवणच्या शाळेत शिकवत होते. आईला छातीचा कॅन्सर होता. माझा थोरला भाऊ अण्णा तिला बोटीने मुंबईला नेऊन ऑपरेशन करून आला, पण वर्षाच्या आत गाठ परत आली आणि फुटली. पुन्हा नेल्यावर तिथल्या डॉक्टरांनी ‘घरी न्या’ एवढंच सांगितलं. जखमेला वास यायचा. हा रोग लागतो अशी तेव्हा सगळ्यांची समजूत, म्हणून माजघरापलीकडच्या खोलीत आईची खाट टाकलेली, खिडकी बंद. वैद्याच्या पथ्याची अळणी पेज वहिनी दारातून आत सरकवायची. मी शाळेतून रजा घेऊन आले तीही दारातच थबकले. स्वतःच्या आईच्या खोलीत पाऊल टाकताना नाकाला पदर लावला, हे आज लिहितानाही लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी शेवंताबाई आल्या. त्यांनी पदर नाकाला लावला नाही. आधी खिडकी उघडली. पाणी उकळून त्यात मीठ घालायला लावलं, जुनं मऊ लुगडं फाडून घड्या केल्या, वास ओढून घ्यायला चुलीतले विझलेले कोळसे टोपलीत भरून खाटेखाली ठेवले. जखम धुताना त्या आईशी तळ्यातल्या पाण्याबद्दल, शेजारच्या व्यालेल्या म्हशीबद्दल बोलत राहिल्या. धुऊन झाल्यावर मला म्हणाल्या, ‘‘ये गो, हंय बस. आवस तुझी, वाघ न्हय.’’

मी बसले. आईने माझा हात धरला. कितीतरी दिवसांत तिला घरच्या कुणाचा हात लागला नव्हता.

पण दुखणं थांबेना. शेवंताबाई मला घेऊन मालवणच्या डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टर भले गृहस्थ, पण मॉर्फिन द्यायला कचरत होते. ‘‘सवय लागेल, बाई,’’ ते म्हणाले. एरवी मालवणीत बोलणाऱ्या शेवंताबाई एकदम शुद्ध मराठीवर आल्या. ‘‘डॉक्टरसाहेब, सवय लागायला तिच्याकडे दिवस तरी किती उरलेत? आणि कळ उठल्यावर देऊन उपयोग नाही, उठायच्या आधी द्यायला हवं. मी स्वतः टोचीन, स्वतः लिहून ठेवीन.’’ डॉक्टरांनी कपाट उघडलं आणि औषध दिलं. तीन दिवसांनी आई पहिल्यांदा सलग झोपली.

त्या दिवशी डॉक्टरांकडून येताना वाटेत मी विचारलं, तुम्ही हे कशाला करता? त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. मग म्हणाल्या, ‘‘इस्पितळात पडद्याआड एक म्हातारो होतो. तेच्यार वेळ घालवू नको म्हणान माका सांगलेला. पाणी पाणी करीत तो गेलो गो. पाणी माझ्या हातात होता.’’

अण्णाला मात्र हे सगळं हार मानल्यासारखं वाटायचं. पावसाळ्यात बंद असलेल्या बोटी सुरू होताच आईला पुन्हा मुंबईला न्यायला त्याने तिकिटांची खटपट चालवली. ‘‘मी हातावर हात ठेवन बसूचंय नाय,’’ तो ओरडला.

शेवंताबाईंनी शांतपणे विचारलं, ‘‘तिका इचारलंस?’’

अण्णाने विचारलं नव्हतं. आम्ही कुणीच नव्हतं विचारलं. सगळे तिला ‘बरी होशील’ म्हणत होतो. त्या दुपारी आम्हा दोघांना उभं करून शेवंताबाई खाटेवर बसल्या. आईनेच तोंड उघडलं. ‘‘शेवंते, खरा सांग. मी बरी होतलंय?’’

‘‘नाय गो बाय. पण तुका दुखूचा नाय, ह्या मी बघतंय.’’

अण्णा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. आई रडली नाही. म्हणाली, ‘‘मगे माका बोटीर घालू नको रे. आणि काशीक बोलव.’’

काशी म्हणजे माझी मावशी, तोंडवलीला दिलेली. एका लग्नातल्या मानपानावरून दोघी बहिणी अकरा वर्षं बोलत नव्हत्या. अण्णा स्वतः गेला आणि तिला घेऊन आला. मावशीने येताना फडक्यात बांधून खाडीतल्या शिंपल्या, तिसऱ्या आणल्या होत्या, कारण आईला त्या जीव की प्राण. वहिनी पथ्याचं बोलू लागली, तर शेवंताबाई म्हणाल्या, ‘‘पथ्य बरा होवच्यासाठी. मीठ, नारळ, सगळा घाल.’’ आईने चारच शिंपल्या खाल्ल्या, पण रस दोनदा मागून घेतला. त्यानंतर मावशी गेलीच नाही. दोघी दिवसभर माहेरच्या गोष्टी काढून हसायच्या आणि बाहेर भात झोडणारी माणसं चकित होऊन खिडकीकडे बघायची.

आई आणखी पाच आठवडे जगली. एका सकाळी, मावशी तिचे केस विंचरत असताना गेली. शेवंताबाईंनी तिला शेवटची आंघोळ घालून घेतली ती माझ्याकडून, जखमेवर नवी घडी ठेवून. अण्णा त्यांच्या पाया पडला तेव्हा त्या संकोचून मागे सरकल्या.

पुढे थकल्यावर त्या सावंतवाडीला भाच्याकडे राहायला गेल्या. दोनेक वर्षांनी भाच्याचं पत्र आलं. बाईंना कावीळ झाली होती, तीन आठवडे अंथरुणाला होत्या. आजाऱ्याला कुशीवर कसं वळवायचं, ओठ कसे ओले ठेवायचे, हे त्यांनी पडल्यापडल्याच त्याच्या बायकोला शिकवलं. शेवटच्या दिवशी तिला म्हणाल्या, ‘‘उशी जरा खाली कर. आणि तू जा, जेवन ये.’’

ती जेवून आली, तोवर बाई गेल्या होत्या. आपण उठायला नको होतं, म्हणून ती पोर अजून रडते, असं भाच्याने लिहिलं होतं. मी तिला उलटटपाली कळवलं, बाईंनी सांगितलं ते तू केलंस. तुझी भूक त्यांना बघवली नसती.