राहूला करकोचे बघायला जाणार असाल तर

राहू गावच्या ख्रिस्ती मंडळीचं बोलावणं आलं तेव्हा मी हुरळून गेलो. रविवारच्या उपासनेत संदेश द्यायचा होता आणि विषय मीच सुचवला: देवाची सृष्टी पाहून थक्क होणं, आणि मग प्रार्थना करणं. संदेश एका बैठकीत लिहून झाला. आपण स्वतः शेवटचे थक्क कधी झालो ते मात्र आठवेना, पण ऐकणाऱ्यांना ते कुठं कळणार होतं!

शनिवारी पुण्याहून एसटीनं शिरूर गाठलं. रांजणगावपाशी कंपन्यांच्या बसगाड्यांनी नगर रस्ता तुंबतो, तेव्हा शिफ्ट सुटायची वेळ टाळूनच निघा. डेपोजवळ मिसळ झणझणीत मिळते आणि खिशाला परवडते. मुक्काम सुधाकरमामांकडे होता. मामा म्हणजे आईचे चुलतभाऊ, रांजणगावला कंपनीत फिटर, आणि राहूच्या मंडळीचं सगळं तेच बघतात.

रविवारी उजाडताच त्यांच्या मोटारसायकलवरून निघालो. न्हावऱ्यावरून पुढं पारगावला भीमेचा पूल ओलांडला की दौंड तालुका लागतो. दोन्हीकडे ऊस, रस्त्याला खड्डे आणि कान बधिर करणारी थंडी. वाटेत चहाला थांबलो, तेव्हा मी कॅमेऱ्यात नवे सेल घालत होतो.

"आज उपासना बाहेर हाय, हरभऱ्याच्या वावरापाशी," मामा म्हणाले. "सगुणाआजीसाठी. तिची नजर चाललीय. डॉक्टर म्हणला, फुडल्या हिवाळ्यात दिसंल का न्हाई, सांगता येत न्हाई. तिला एकदा करकोचे बघायचेत. सकाळी नदीवरनं वावरात येत्यात. पाखरं आली की आमी थांबतो, बघतो, आन् मग प्रार्थना."

"वा, छान," मी म्हणालो आणि सेलचं झाकण लावलं.

वावराच्या कडेला सतरंज्या अंथरल्या होत्या. शेजारच्या गुऱ्हाळातून कोमट काकवी आली होती. भाकरीशी खाऊन बघाच. सगुणाआजी सगळ्यांत पुढं, पदर सावरून बसली होती. "सलाम, पाळकसाहेब," म्हणाली. मी पाळक म्हणजे धर्मगुरू नाही, पण तसं तिला सांगितलं नाही.

संदेश रंगला. मग डोळे मिटून प्रार्थना सुरू केली, लांबलचक, माझी मलाच आवडणारी. मध्येच कुजबुज ऐकू आली. डोळे किलकिले केले, तर सगळ्यांच्या माना वर, आणि कुणीतरी आजीला बोटानं काहीतरी दाखवतंय. माझं डोकं फिरलं.

"प्रार्थना चालू आहे. डोळे मिटा," मी दरडावलं.

पुण्याच्या पाहुण्याचा शब्द. सगळ्यांनी निमूट डोळे मिटले, आजीनंही. आणि मी माझं ठरलेलं पुढचं वाक्य म्हणालो, "हे बापा, आमचे डोळे उघड." डोक्यावरून क्रर्र क्रर्र असा आवाज जात राहिला, बराच वेळ. मी माझा आवाज चढवला.

आमेन झालं तेव्हा आभाळ मोकळं होतं. माझ्या ओरडण्यानं की कशानं, पाखरं वावरात न उतरताच पुढं गेली होती.

"साहेब, मला नीट गवसायच्या आत डोळं मिटलं," आजी म्हणाली. "तुमी मघाशी उघडलं हुतं. कशी दिसत हुती वो?"

मी माणसांकडे पाहिलं होतं, दम द्यायला. वर पाहिलंच नव्हतं.

"आजी, मी नाही पाहिली." मी म्हणालो. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

"असू द्या," ती म्हणाली. "आवाज झ्याक हुता." कुणाचा, ते विचारायचा धीर झाला नाही.

परतीच्या वाटेवर मामा चहालाही थांबले नाहीत. शिरूर डेपोत "पोचल्यावर फोन कर" एवढंच म्हणाले. कॅमेऱ्यात उसाचे, पुलाचे आणि माझे स्वतःचे फोटो निघाले.

तुम्ही गेलात तर थंडीत जा, लवकर पोचा, आणि जवळ कुणी म्हातारं माणूस असेल तर त्याला आधी बघू द्या.

पुढच्या रविवारी आमच्या मंडळीत प्रार्थनेची पाळी माझी होती. सवयीनं तेच वाक्य तोंडात आलं, "बापा, आमचे डोळे..." आणि पुढं सरकेना. सगळे डोळे मिटून वाट बघत होते. शेवटी "माझे" एवढंच म्हणालो आणि खाली बसलो.